दुसऱ्यांच्या धावा मोजणारा मुलगा

पश्चिम इंदुरातल्या एका अकरावीच्या मुलाचं तीन पानी पत्र आलं आहे. शाळेत एक फॉर्म भरायचा होता: छंद, आवडता खेळ, इतर आवडीनिवडी. त्याने छंदापुढे 'क्रिकेट' लिहिलं. सरांनी विचारलं, "बॅटिंग की बोलिंग?" तो म्हणाला, "सर, मी स्कोअर लिहितो." वर्ग हसला. दोन वर्षं हा मुलगा दर रविवारी मैदानावर जाऊन क्लबांच्या आणि मोहल्ल्यांच्या सामन्यांचा स्कोअर लिहितो आहे. आतापर्यंत 41 सामने झाले, त्यांत 23 टेनिस बॉलचे आणि 17 लेदर बॉलचे, सगळे वह्यांत तारीखवार. बाबा बँकेत आहेत. ते म्हणतात, "दुसऱ्यांच्या धावा मोजून तुझ्या खात्यात काय जमा होणार?" एप्रिलपासून भंवरकुआला कोचिंग लागलं आहे आणि रविवारी सकाळी तिथे टेस्ट असते. आईचं म्हणणं, छंदच हवा तर सोडलेला तबला परत धर, परीक्षा दिल्यास तर निदान सर्टिफिकेट तरी मिळेल. पत्राच्या शेवटी बारीक अक्षरांत दोन-तीन ओळी आहेत: "आठवीत शाळेच्या टीममध्ये माझं सिलेक्शन झालं नाही. नववीत स्कोअर लिहायला लागलो. खेळता येत नाही म्हणून मी हे करतो का? मग हा छंद आहे की पळवाट? वह्या माळ्यावर टाकू का?"

प्रिय स्कोअरर,

तुझं पत्र मी उलटं वाचलं, शेवटच्या पानाकडून. खरं दुखणं पोरं शेवटी आणि बारीक अक्षरांत लिहितात, एवढं एकतीस वर्षं वह्या तपासून मला कळलंय. तेव्हा फॉर्म, सर, कोचिंग, तबला यांच्याकडे नंतर येऊ. आधी ती पळवाट.

असेलही. यादीत नाव नव्हतं, वाईट वाटलं, पण मैदानावरून पाय निघेना. बाउंड्रीबाहेर बसायला काहीतरी निमित्त हवं होतं, ते वहीने दिलं. यात लाजायचं काय? मी बागकामाला लागले ती घरातली भांडणं कानावर पडू नयेत म्हणून. आता भांडणारं कुणी उरलं नाही आणि गच्चीवर साठ कुंड्या आहेत. सुरुवात कशाने झाली हे त्या कुंड्यांना कुणी विचारत नाही.

तरी एक गोष्ट तपासून बघ. पुढच्या सामन्यात कुणी देखणा कव्हर ड्राइव्ह मारला की तुझ्या मनात पहिल्यांदा काय येतं? 'हा मी मारायला हवा होता' असं आत काही टोचत असेल, तर खेळायची भूक अजून शिल्लक आहे आणि ती वहीने भागणार नाही. 'चार, हा 38 वर गेला, बोलरचे या ओव्हरमध्ये अकरा झाले' असं येत असेल, तर तू तुझ्या जागेवर बसला आहेस. मला वाटतं, दोन्ही येत असणार. मग दोन्ही कर की! 'मला खेळता येत नाही' हे वाक्य तू कुठून आणलंस? आठवीतल्या त्या कागदावर एवढंच होतं की या अकरांत तुझं नाव नाही. तेराव्या वर्षी उंची आधी आलेली पोरं टीममध्ये जातात, हे मी दर साली पाहिलंय. तू त्या कागदावर स्वतःच्या हाताने एक ओळ जास्तीची लिहिलीस आणि दोन वर्षं तीच वाचतो आहेस.

कॉलनीत संध्याकाळी सहाला क्रेट उभं करून पोरं खेळतात ना? तिथे जा. शून्यावर आउट हो, 'एक टप्पा आउट'वर भांड, कुणाच्या तरी गच्चीत बॉल घालव. वाईट खेळायलाही मुभा असते, हे चांगलं खेळणाऱ्यांच्या नादात आपण विसरलोय. शिवाय अंगालाही काही हवंच. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं घाम निघेल असं हालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळा, कोचिंग आणि स्कोअरबुक ही तिन्ही कामं तू बसून करतोस. हा तुझ्या दिनक्रमातला खरा दोष आहे आणि त्यावर घरात कुणीच बोलत नाही, कारण सगळे वहीच्या मागे लागलेत.

आता दुसरं पान. त्यावरचा एक प्रसंग मी तीनदा वाचला. इतर वाचकांसाठी सांगते. सामना संपला, जिंकलेली टीम पोहे खायला गेली, मैदान रिकामं झालं, आणि या मुलाच्या वहीत हिशेब एका धावेने चुकत होता. स्कोअरबुकात एकच टोटल दोन बाजूंनी यावी लागते. सगळ्या बॅट्समनच्या धावा अधिक सगळ्या एक्स्ट्रा म्हणजे एकूण. आणि सगळ्या बोलरांनी दिलेल्या धावा, त्यात बाय आणि लेग बाय (चेंडू बॅटला न लागता पळून काढलेल्या धावा) मिळवले की तेच एकूण. वाइड आणि नो बॉल बोलरच्या नावावर चढतात, बाय आणि लेग बाय चढत नाहीत. याच्याकडे एका बाजूने 146 येत होते, दुसऱ्या बाजूने 145. निकाल लागून गेला होता, त्या एका धावेने कुणाचं काही बिघडणार नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. हा मात्र पानटपरीच्या उजेडात पायरीवर बसला आणि पहिल्या ओव्हरपासून एकेक टिंब बोटाने मोजत आला. चौदाव्या ओव्हरमध्ये सापडलं. पॅडला लागून गेलेला चेंडू त्याने बोलरच्या रकान्यात बरोबर लेग बाय म्हणून मांडला होता, पण घाईत एक्स्ट्रामध्ये न चढवता धाव बॅट्समनला देऊन टाकली होती. खोडरबर काढलं, दुरुस्त केलं आणि पावणेआठला घरी पोचला. घरी बोलणी बसली.

छंद आहे की पळवाट, असं मला विचारतोस? पळवाट शोधणारा माणूस 146 लिहून पोहे खायला गेला असता.

आता जरा वर्गाच्या हसण्याकडे. क्रिकेटचे नियम 42 आहेत. पहिला खेळाडूंचा, दुसरा पंचांचा आणि तिसरा स्कोअररांचा. चेंडू चौथ्या नियमात येतो, बॅट पाचव्या आणि खेळपट्टी सहाव्या. पंचाने हात वर करून खूण केली की स्कोअररने ती पाहिल्याची खूण उलट करायची असते आणि प्रत्येक खुणेला तशी पोच मिळेपर्यंत पंचाने थांबायचं असतं. म्हणजे काही सेकंद का होईना, बावीस गजांवरचा सगळा खेळ तुझ्या हात हलवण्यासाठी अडलेला असतो. तो तिसरा नियम एकदा शांतपणे वाच. त्यात आणखी एक गंमत आहे, ती पुढे तुझ्या बाबांसाठी लागणार आहे.

आणि बाकी कुठल्या गावात हसले असते तर समजू शकले असते, पण इंदुरात? 1946 साली रणजीच्या सेमीफायनलला होळकर संघाने आपल्या यशवंत क्लबच्या मैदानावर म्हैसूरविरुद्ध 8 बाद 912 वर डाव घोषित केला. एका डावात सहा शतकं: भांडारकर 142, सरवटे 101, जगदाळे 164, कर्नल सी. के. नायडू 101, निंबाळकर 172, प्रतापसिंग 100. मी हे आकडे इतक्या ठामपणे सांगते आहे, कारण त्या दिवशी कुणीतरी बाजूला बसून पेन्सिलीने टिंबं आणि आकडे मांडत होतं. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही.

यातल्याच भाऊसाहेब निंबाळकरांची दुसरी गोष्ट तुला ठाऊक असेल. 1948 च्या डिसेंबरात पुण्याला, महाराष्ट्राकडून खेळताना, काठियावाडविरुद्ध ते 443 वर नाबाद होते. ब्रॅडमनचा 452 चा विश्वविक्रम फक्त नऊ धावांवर होता आणि काठियावाडच्या कप्तानाने जेवणाच्या सुट्टीत सामनाच सोडून दिला. निंबाळकर पुढे एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. लोक ही गोष्ट दैवाची म्हणून सांगतात. तुझं पत्र आल्यावर मला ती निराळी दिसली. 'नऊ राहिल्या' ही हळहळ आज पाऊणशे वर्षांनीही टिकली आहे, ती स्कोअरशीटच्या जिवावर. मोजणारं कुणी नसतं तर 'निंबाळकर त्या दिवशी फार खेळले हो' एवढ्यावर आटोपलं असतं.

बस, इतिहासात फार रमले. (आमच्या घरी हा रोगच आहे. वडील ट्रान्झिस्टर कानाला लावून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला स्कोअर लिहीत आणि आई महिना उलटायची तेव्हा खाली पान कोरं सापडायचं नाही.)

आता बाबा. तू त्यांना छंदाचा शत्रू करून ठेवलंयस, पण पत्रात त्यांचं नुसतं एक वाक्य आहे आणि एक वेळेची अडचण आहे. वाक्य आधी घेऊ. 'तुझ्या खात्यात काय जमा होणार', हे बँकेतल्या माणसाचं वाक्य आहे. आमच्या शेजारी बँकेतले एक काका राहायचे. संगणक यायच्या आधी क्लोजिंगच्या दिवसांत त्यांना घरी यायला रात्रीचे दहा वाजत, कारण सव्वा रुपया जुळत नसे. सव्वा रुपया खिशातून टाकून घरी का येत नाही, असं काकू रोज विचारत, आणि काका जे उत्तर देत ते तू तुझ्या आईला पावणेआठला दिलंस: जुळलं नव्हतं. तुझ्या बाबांना अजून कुणी सांगितलेलं नाही की मुलगा रविवारी मैदानावर त्यांचंच काम करतो आहे.

तेव्हा वाद घालू नकोस. त्यांना एकदा मैदानावर ने. आणि इथे तिसऱ्या नियमातली ती गंमत: सामन्याला स्कोअरर दोन असावे लागतात आणि त्यांनी आपली नोंद एकमेकांशी वरचेवर ताडून पाहायची असते. तुझ्याकडे दुसरा स्कोअरर कधीच नसतो, असं तूच लिहिलंयस. पुढच्या सामन्याला दुसरी वही बाबांच्या हातात दे. वीस ओव्हरचा एक डाव, दर ओव्हरनंतर ताळा. मध्य प्रदेशाने 2022 च्या जूनमध्ये मुंबईला हरवून रणजी पहिल्यांदा जिंकली, तेव्हा तुमच्याकडे कुणाच्या बाजूने किती आवाज झाला होता हे विचारून त्यांना बोलतं कर. आमच्याकडे दादरची नणंद पाहुणी आली होती, तो विषय नको. बाबा आले नाहीत तर नाही आले. पण आले आणि त्यांची टोटल तुझ्याशी जुळली, तर पुढचं बोलणं सोपं होईल.

एक करू नकोस मात्र. 'याने माझं गणित सुधारतं' असं त्यांना पटवायला जाऊ नकोस. गणितात दोन मार्क कमी पडले की खापर वहीवर फुटेल. आणि इंदूरच्या सुशील दोशींनी बाउंड्रीबाहेर बसून, नुसत्या बोलण्यावर, 2016 ची पद्मश्री मिळवली, होळकर स्टेडियमच्या कॉमेंट्री बॉक्सला त्यांचं नाव आहे, हेही त्यांच्यापुढे ठेवू नकोस. ते खरं आहे, पण मग तुझी वही पद्मश्रीच्या वायद्यावर चालू राहील आणि असला वायदा कुठल्याही छंदाला पेलत नाही. राज्य संघटना आणि बीसीसीआय स्कोअररांच्या परीक्षा घेतात, त्यांची पॅनलं असतात, हेही तुला कळायला हवं म्हणून सांगते. बारावीनंतर वाटलं तर बस. त्यावर घर चालेल असं धरून मात्र चालू नकोस.

वेळेची अडचण खरी आहे, तिथे मी बाबांच्या बाजूची आहे. रविवारची टेस्ट बुडवायची नाही. पण ती सकाळची आहे आणि टेनिस बॉलचे निम्मे सामने दुपारी असतात. महिन्यातले दोन रविवार दुपारी मैदान, उरलेले दोन घरी. वार्षिक परीक्षेआधीचा एक महिना वही बंद. हे कागदावर लिहून बाबांना दाखव आणि पहिले तीन महिने अक्षरशः पाळ. तू मोडलंस तर मी तुझी वकिली करणार नाही. आणि पावणेआठपर्यंत बाहेर राहणंही नाही. टोटल जुळत नसेल तर वही घरी आण आणि टेबलावर बसून शोध, पानटपरीवर डासांना रक्तदान कशाला?

आईच्या तबल्याचं थोडक्यात. तबला सोडलास तेव्हा तिला 'वेळ नाही' असं सांगितलंस, आणि मग तिला दिसलं की वेळ तर आहे, तो मैदानावर जातो. राग तबल्याचा कमी आणि त्या थापेचा जास्त असणार. हात कधी आपोआप टेबलावर ठेका धरत असतील तर परत बस, परीक्षा न देता. धरत नसतील तर तिला सरळ सांग, "आई, मला तो आवडत नव्हता." तिला दोन दिवस वाईट वाटेल. सर्टिफिकेटचा मोह मात्र मला समजतो. आपल्या घरांत गाणं, चित्रकला, कराटे, सगळं परीक्षेला बसवायची सवय आहे, कारण कागद फाइलला लावता येतो. पण प्रत्येक आवडीचा कागद किंवा उपयोग निघायलाच हवा असं नाही. सरवट्यांचं सांगते, चंदू सरवटे, त्या 912 मधले. 1946 च्या इंग्लंड दौऱ्यात सरेविरुद्ध त्यांनी आणि शूट बॅनर्जींनी शेवटच्या विकेटला 249 धावा जोडल्या, दोघांचीही शतकं, दहाव्या आणि अकराव्या नंबरवर. आणि पोटापाण्याला हा माणूस काय होता? बोटांच्या ठशांचा तज्ज्ञ. ठशांचे बारकावे पाहण्यात फिरकीचं काही होतं का, किंवा उलट, हे मला सांगता येणार नाही.

आता तो फॉर्म. मी अशा फॉर्मांचे गठ्ठे वाचलेत. शंभरांत नव्वद ठिकाणी 'वाचन, संगीत ऐकणे', आवडता खेळ 'क्रिकेट', कारण काहीतरी लिहावं लागतं. मी विचारायचे, काय वाचतेस? पोरगी छताकडे बघायची. तू नुसतं 'क्रिकेट' लिहिलंस तिथेच हसू झालं. सरांचा प्रश्न चुकीचा नव्हता, तुझं उत्तर अर्धं होतं. असं लिही: 'क्रिकेट सामन्यांचा स्कोअर लिहिणे, दोन वर्षं, चाळीसएक सामने, वह्या उपलब्ध.' आवडता खेळ क्रिकेट, आणि कॉलनीत जायला लागलास की पुढे 'गल्लीत खेळतो'. पुन्हा कुणी बॅटिंग की बोलिंग विचारलं तर त्या लेग बायची गोष्ट सांग. पुढे कॉलेजच्या, नोकरीच्या टेबलापलीकडूनही हाच प्रश्न येईल आणि 'वाचन' लिहिणाऱ्यांपेक्षा तुझ्याकडे बोलायला दहा मिनिटं जास्त असतील.

असेच प्रश्न मला आणखी घरांतून येतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. सिरपूर तलावावर पहाटे दुर्बीण घेऊन जाणाऱ्या मुलीच्या आईने विचारलं होतं की नुसते पक्षी बघून यादी करते, फोटोही काढत नाही, हे काय? त्या तलावाला 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, जागा मिळाली. अशा यादीत तळं जायला, तिथे कुठले पक्षी येतात, किती येतात, हे कुणीतरी वर्षानुवर्षं मोजलेलंही कामी येतं. तिला मोजू द्या. आणि दर सहा महिन्यांनी छंद बदलणाऱ्या मुलाला 'धरसोड' म्हणणाऱ्या आजोबांना: बारा-तेरा वर्षांचं पोर बुद्धिबळ, स्केटिंग, बासरी असं करत फिरणारच. मात्र दर वेळी हजारोंची किट आधी आणू नका. पहिले तीन महिने मागून आणलेल्या सामानावर चालवा. टिकलं तर घ्या. मूल एखाद्या गोष्टीपाशी सांगितल्याशिवाय किती वेळ बसतं, एवढंच बघा आणि बघताय हे त्याला कळू देऊ नका.

वह्या माळ्यावर टाकू नकोस. तिथे पाल फिरते आणि ओलीने कागद खराब होतो. पानांचे फोटो काढून ठेव.

तुझी,
सदरवाली मावशी

ता. क. तू 41 सामने लिहिलेस. टेनिस बॉलचे 23, लेदर बॉलचे 17. दोन्हीकडून जुळव आणि कुठला सामना राहिला ते मला कळव.